पहिल्याच दिवशी सगळे सांगावे लागते का?

प्रश्न : मी ३४ वर्षांची असून बँकेत नोकरी करते. नऊ-दहा वर्षांची असताना आजोळी एका नातेवाइकाने माझ्यावर अत्याचार केले. आईला एकदा सांगू पाहिले, पण 'तुझा काहीतरी गैरसमज झाला असेल' एवढ्यावर विषय संपला. आता माझी मुलगी त्या वयाची होत आहे आणि मला रात्र रात्र झोप लागत नाही. समुपदेशकाची पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली आहे. परंतु सगळे सांगावे लागेल या कल्पनेनेच पोटात गोळा येतो. शिवाय हे बाहेर फुटले तर?

उत्तर : पहिल्या दिवशी सगळे सांगावे लागत नाही, दहाव्या दिवशीही लागत नाही. 'लहानपणी माझ्याबाबत एक गोष्ट घडली, तिच्यामुळे सध्या झोप लागत नाही आणि तपशील मी आज सांगणार नाही', एवढ्यावरही काम सुरू होऊ शकते. या कामाचे प्रशिक्षण घेतलेला समुपदेशक आधी झोप, धडधड, दचकून उठणे यांवर उपाय शिकवतो आणि तुम्ही थोड्या स्थिरावल्यावर, तुमच्या संमतीनेच, जुन्या आठवणींकडे वळतो. अशी आठवण सांगताना शरीर ती पुन्हा भोगू लागते, आणि सावरण्याची साधने हाताशी नसतील तर मोकळे वाटण्याऐवजी माणूस आठवडाभर खचलेला राहू शकतो. म्हणूनच 'एकदा बोलून टाक, हलके वाटेल' हा आपल्याकडचा लाडका सल्ला मला येथे धोक्याचा वाटतो.

तुमच्या पोटातल्या गोळ्यामागे आईचे ते उत्तर पुन्हा ऐकावे लागण्याची भीतीही असावी. समोरच्या व्यक्तीने 'इतकी जुनी गोष्ट' किंवा 'घरचाच माणूस आहे, माफ करून टाका' असे म्हटले, तर दुसरी व्यक्ती शोधण्यात काहीही गैर नाही. अशा अनुभवांतून गेलेल्या किती जणांबरोबर काम केले आहे, हे सुरुवातीलाच विचारावे. समुपदेशक अशी पाटी कोणीही लावू शकतो; क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला मात्र भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि तो क्रमांक मागण्यात संकोच नको.

गोपनीयतेचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने दिलेला आहे. तुमच्या परवानगीशिवाय पतीला किंवा आईला काही कळवता येत नाही. जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश असे अपवाद आहेत. पण तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला, त्यामुळे तुमच्यावरचा अत्याचार त्याच्या कक्षेत येत नाही. मात्र तो नातेवाईक आजही घरातल्या मुलांच्या सहवासात असेल आणि एखाद्या मुलाला धोका असल्याचे समुपदेशकाला समजले, तर पोलिसांना कळवणे या कायद्याने त्याला बंधनकारक ठरू शकते. म्हणून नावे घेण्यापूर्वी 'कोणत्या परिस्थितीत तुम्हाला बाहेर सांगावे लागेल?' हे स्पष्ट विचारा. मुलीला त्या माणसाजवळ एकटी न ठेवण्यासाठी मात्र कोणत्याही सत्राची वाट पाहू नका.

ऑनलाइन सत्र घेणार असाल, तर शेजारच्या खोलीत सासूबाई आणि मध्ये पातळ भिंत, असा प्रकार टाळावा. त्यापेक्षा प्रत्यक्ष गेलेले बरे. वेळ बँकेत जाण्यापूर्वीची नको. सत्रानंतर एक-दोन दिवस रडू येणे किंवा चिडचिड होणे स्वाभाविक आहे, पण त्रास उतरण्याऐवजी वाढत गेला तर पुढच्या भेटीत ते आधी सांगून गती कमी करून घ्या. मध्यरात्री फारच अस्वस्थ झालात, तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य बोलता येते, मराठीतही. सत्राच्या दिवशी संध्याकाळचा स्वयंपाक दुसऱ्या कोणावर सोपवता आला तर सोपवा. कारण विचारलेच, तर 'डॉक्टरांकडे जाऊन आले आहे, दमले आहे' एवढे पुरते.