आधी जूनचा हप्ता थांबवा, वकील मग बघू

पत्र असं आहे, थोडं आटोपशीर करून:

'वय ६१, निवृत्त शिक्षक, पेन्शन महिना ३८ हजार. रत्नागिरीजवळ पावसच्या पुढे गावी वडिलोपार्जित आंब्याची बाग. त्यातला अर्धा भाग आम्ही तिघा भावंडांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये ७५ लाखांना विकला. भाऊ मुंबईत, बहीण चिपळूणला, म्हणून दोघांनी मला कुलमुखत्यारपत्र दिलं. पैसे माझ्या खात्यात आले, मी दोघांना २५-२५ लाख पाठवले. (साटेखताच्या वेळचे २ लाख रोख होते.) शेतजमीन म्हणून रिटर्नमध्ये काही दाखवलं नाही. आता माझ्या नावे आयकर खात्याची १४८अ ची नोटीस आलीय, ७५ लाखांचा खुलासा मागणारी. भाचा म्हणतो, मुंबईतला मोठा टॅक्स वकील करा. फोर्टमधले एक वकील साडेतीन लाख सांगतात. दुसरे एक सल्लागार "जेवढा कर वाचेल त्याच्या दहा टक्के" म्हणतात. कोणाला द्यावं? माझा वाटा बँकेतल्या साहेबांच्या सल्ल्याने विमा योजनेत सुरक्षित आहे, वर्षाला ८ लाख, जून २०२३ पासून तीन हप्ते झाले. ते सगळं करमुक्त असल्याने चिंता नाही. येत्या जूनचा हप्ता आणि वकिलाची फी भागवायला उरलेल्या बागेतला माझा वाटा विकावा म्हणतो, सागरी महामार्गाने भाव वाढेल असं सगळे म्हणतात तरी. पॉलिसीची पानं आणि साहेबांनी लिहून दिलेल्या हिशेबाचा फोटो जोडत आहे.'

दोघांनाही देऊ नका. आणि जूनचा हप्ता तर मुळीच भरू नका. तुम्ही विचारलंय वकिलाबद्दल, पण पैसे जातायत ते विम्यात. म्हणून नोटिशीचं आधी उरकतो.

३० लाख किंवा त्यावरच्या जमीन व्यवहाराची माहिती दुय्यम निबंधक कार्यालयातून आयकर खात्याकडे जाते. तुमच्या पॅनसमोर ७५ लाख दिसले, रिटर्नमध्ये काही नाही, म्हणून त्यांनी विचारलं. १४८अ म्हणजे 'तुमची फेरतपासणी का करू नये' एवढंच विचारणारी कारणे दाखवा नोटीस. कर अजून कोणी लावलेला नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला असला तरी तुमचा व्यवहार जुन्या वर्षातला, त्याला जुनाच कायदा लागतो.

त्या कायद्यात ग्रामीण शेतजमीन ही भांडवली मालमत्ताच नाही, त्यामुळे तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. दहा हजार ते एक लाख वस्तीच्या नगरपालिकेपासून दोन किलोमीटरच्या बाहेर असली की जमीन ग्रामीण. अंतर सरळ रेषेत मोजायचं, रस्त्याने नव्हे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी शहर लाखाच्या आत आहे आणि पावसच्या पुढचं तुमचं गाव दोन किलोमीटरच्या कितीतरी पलीकडे. म्हणजे कर शून्य. फक्त एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत आणि सगळं तिच्यावर अडलंय: खरेदीखताच्या आधी जमीन एनए (बिगरशेती) करून घेतली होती का? घेणारे पुष्कळदा बंगल्याच्या घाईत विकणाऱ्याच्याच नावे तो अर्ज करून टाकतात. तसं नसेल तर विक्रीआधीचा सातबारा (पीकपाहणीत कलमांची नोंद असलेला), वारसांचा फेरफार, कुलमुखत्यारपत्र, खरेदीखत, अंतराचा दाखला आणि भावंडांना गेलेल्या पैशांच्या बँकेतल्या दोन नोंदी एवढ्यात उत्तर होतं.

एनए झालेली असेल, तर वाईटातलं वाईट किती? खरेदीकिंमत म्हणून २००१ चा भाव सगळ्या तुकड्याला ९ लाख धरू. महागाई निर्देशांकाने तो ३० लाख होतो. नफा ४५, तुमचा तिसरा हिस्सा १५, त्यावर २० टक्के म्हणजे ३ लाख. उपकर आणि तीन वर्षांचं व्याज धरून पाच-साडेपाच लाख, दंडाचा धोका वेगळा. यासाठी साडेतीन लाखांचा वकील?

दहा टक्केवाल्यांचा हिशेब तर फारच गोड आहे. ७५ लाख सगळे तुमचंच उत्पन्न धरलं तर कर तेवीसेक लाख. तो आकडा दाखवून घाबरवायचं, खरा कर शून्य निघाला की 'तेवीस वाचवले' म्हणून दोन लाख तीस हजार घ्यायचे. जो कर लागणारच नव्हता तो वाचवल्याची फी! निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत वकिलाला मनाई आहे, सीएलाही अशी टक्केवारी चालत नाही. तेव्हा हे गृहस्थ नक्की कोण, हे भाच्याला विचारा.

आता तो हिशेबाचा फोटो. बँकेत पैसे भरायच्या स्लिपच्या पाठीमागे निळ्या पेनाने लिहिलंय: ८ × ३ = २४. खाली बाण. बाणाखाली १.३५ कोटी, त्याभोवती दोनदा गोल. शेजारी 'टॅक्स फ्री', अधोरेखित. वर्ष कुठेच नाही. तुम्हाला तोंडी काय सांगितलं असेल ते ओळखता येतं: 'तीन वर्षं भरा, पुढे नाही भरलंत तरी चालतं.' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की विकणाऱ्यांना ते प्रशिक्षणातच देतात की काय अशी शंका येते.

तुम्हीच पाठवलेल्या पॉलिसीच्या पानांवर, तुमच्या सहीच्या वर, हप्ते दहा आहेत. तीन नव्हेत. मुदत जून २०३८ ला संपते, तेव्हा तुम्ही ७३ चे. १ कोटी ३५ लाखांचा आकडा खोटा नाही, पण तो ८० लाख भरणाऱ्याचा आहे. पेटीच्या वरच्या थरात निवडक फळ मांडावं तसा तो स्लिपवर मांडलाय. ८० लाख दहा वर्षांत भरून पंधराव्या वर्षाअखेर १३५ मिळाले तर परतावा पडतो वर्षाला जेमतेम पाच टक्के.

आणि करमुक्त? १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या अशा पॉलिसींचा वर्षाचा एकूण हप्ता ५ लाखांच्या वर असेल तर मुदतीअखेर मिळणारी रक्कम करमुक्त राहत नाही, मृत्यूनंतर वारसांना मिळणारी तेवढी राहते. तुमचा हप्ता ८ लाख, पॉलिसी जून २०२३ ची. त्याच मार्चमध्ये 'नियम लागू व्हायच्या आत घ्या' म्हणून बँकांतून पॉलिसी खपवल्या जात होत्या. दोन-तीन महिन्यांनी तो नियम साहेब विसरले, यावर माझा विश्वास नाही. भरलेल्या ८० लाखांच्या वर मिळणाऱ्या ५५ लाखांवर एकाच वर्षात आजच्या दराने पंधराएक लाख कर जाईल आणि पाच टक्क्यांचे चारसुद्धा उरणार नाहीत. जमीन विकून कर लागला नाही, आणि त्याच पैशाच्या पॉलिसीवर लागणार!

वर्षाला साडेचार लाख पेन्शन असलेल्या माणसाला वर्षाला आठ लाखांचा हप्ता कोणी विकला, हा खरं तर वकिलाला दाखवायचा प्रश्न आहे. हेच २४ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत असते (साठ पूर्ण झाल्यावर तुम्ही पात्र आहातच), तर आठ टक्क्यांच्या आसपासच्या व्याजाने महिन्याला सोळा हजारांच्या हिशेबाने दर तिमाहीला व्याज हातात पडलं असतं.

पण म्हणून रागाने उद्याच पॉलिसी सरेंडर करू नका, म्हणजे मुदतीआधी मोडू नका. तीन हप्त्यांनंतरची हमी सरेंडर किंमत भरलेल्या पैशाच्या ३५ ते ५० टक्क्यांच्या घरात असते, म्हणजे २४ चे ८ ते १२ लाख. त्याऐवजी हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप केली (म्हणजे न मोडता, भरलं तेवढ्यावरच चालू ठेवली), तर ढोबळमानाने दहापैकी तीन हप्त्यांच्या प्रमाणात, चाळीसेक लाख २०३८ ला मिळावेत. आज हातात येणाऱ्या १२ लाखांचे बारा वर्षांत ४० लाख करायला दहा टक्क्यांहून जास्त परतावा लागेल. तो हमीने देणारं दुसरं काही माझ्याकडे नाही. काही योजनांत पेड-अपला जादा कात्री लागते. तेव्हा कंपनीकडून लेखी दोन आकडे मागा: आजची सरेंडर किंमत आणि पेड-अप केल्यावर मुदतीअखेरची रक्कम. शाखेतल्या साहेबांकडून नको, कंपनीकडून. 'पॉलिसीवर कर्ज काढून हप्ता भरा' असं कोणी सुचवलं तर चहा पिऊन घरी या.

तक्रारही करा. आधी विमा कंपनीकडे लेखी, त्या स्लिपच्या फोटोसह; एक प्रत बँकेला. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. सगळे पैसे परत मिळतील या भरवशावर मात्र राहू नका, कारण दहा हप्त्यांच्या पानावर सही तुमची आहे. पण हस्ताक्षरातला '८ × ३' सहसा कोणाच्या हाती नसतो, तुमच्या आहे.

बाग विकायचा विषय इथेच संपतो. हप्ता नाही, साडेतीन लाखांची फी नाही, मग विकायची कशाला? सागरी महामार्गाने भाव वाढेल असं सगळे म्हणतात हे तुम्हीच सांगता, आणि त्याच श्वासात घाईत विकायला निघता. रस्त्याच्या आशेवर बाग धरून ठेवा असंही मी म्हणणार नाही. कलमं कराराने देऊन वर्षाला काही सुटत असेल तर ठेवा, एवढंच.

वकिलाकडे परत. नोटिशीच्या या टप्प्याचं उत्तर आयकर खात्याच्या पोर्टलवरून जातं, प्रत्यक्ष कोणी उभं राहावं लागत नाही. आयकर अधिकाऱ्यापुढे, आयुक्तांकडच्या अपिलात आणि न्यायाधिकरणातही सीए चालतो. वकीलच हवा तो उच्च न्यायालयात, आणि तुम्हा रत्नागिरीकरांचं उच्च न्यायालय ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचला आहे. फोर्टचे वकीलसाहेबही तिकडेच येणार, भाडं तुमचं. रत्नागिरी, चिपळूण किंवा कोल्हापूरचा असा सीए बघा ज्याने शेतजमिनीच्या १४८अ नोटिशींना आधी उत्तरं दिली आहेत. त्याला विचारा की उत्तराचा मसुदा पाठवण्याआधी मला दाखवाल का, आणि फी कोणत्या टप्प्यापर्यंतची. कंसात टाकलेले ते २ लाख रोख त्याच्यापासून लपवू नका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. सबळ कारण पटवता आलं तर टळतो, आणि ते कारण कसं मांडायचं यासाठीच खरं डोकं लागणार आहे.

पोर्टलवर तुमचा स्वतःचा मोबाइल आणि ईमेल आहे का, हे आज रात्रीच बघा. रिटर्न भरून देणाऱ्याचा ईमेल असेल तर नोटिशीची मुदत त्याच्या इनबॉक्समध्ये संपते. मुदत जवळ असेल तर वाढ मागणारा अर्ज आधी टाका.

माझ्या अंदाजाने हे सगळं २५-३० हजारांचं काम आहे. ती फी तिघांत वाटा. नोटीस तुमच्या नावे असली तरी बाग तिघांची होती, आणि भाऊ-बहिणीनेही २५-२५ लाख घेतलेतच.