आरोग्य अर्थशास्त्राकडे वळू पाहणाऱ्या डॉक्टरला

सप्रेम नमस्कार,

तुझे पत्र पोहोचले. बंधपत्राचे, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचे, वर्ष संपत आले असताना, बरोबरीचे सगळे एम.डी.च्या प्रवेशाची तयारी करत असताना, आपण आरोग्य अर्थशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे का, असे तू विचारले आहेस. आणि बारावीनंतर गणिताला हात लावलेला नाही, मग हे झेपेल का, ही धास्तीही व्यक्त केली आहेस.

धास्तीचे आधी निकालात काढते. संभाव्यता, रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी असलेला संबंध आकड्यांत मोजण्याची पद्धत) आणि मॅट्रिक्सचा प्राथमिक परिचय एवढ्यावर पहिले सत्र निभावते. काही महिने रोज तासभर बसलीस, जोडीला ‘आर’ ही संगणकीय भाषा शिकलीस, तर अडचण येऊ नये. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांचा १९६३चा निबंध मात्र प्रवेशाआधीच वाचून टाक. या विषयाचा पाया मानल्या जाणाऱ्या त्या लेखनाच्या मुख्य भागात समीकरणे जवळजवळ नाहीत. आपण काय विकत घेतो आहोत हे रुग्णाला नीट ठाऊक नसते आणि आजार कधी येईल हेही ठाऊक नसते, अशा बाजाराचे काय होते, याचा तो विचार आहे. सहा वर्षे रुग्णालयात काढलेल्या तुला तो अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांपेक्षा लवकर उमजेल.

डॉक्टर अडतात ते हिशेबाच्या चौकटीपाशी. तू डायलिसिसचा उल्लेख केला आहेस, तेव्हा तेच उदाहरण घेऊ. समजा, जिल्हा रुग्णालयात सात लाख रुपयांचे एक यंत्र आहे आणि ते दहा वर्षे चालेल. साधा भागाकार केला तर वर्षाला सत्तर हजार. पण तो पैसा यंत्रात अडकून पडला, दुसरीकडे वापरता आला नाही, म्हणून तीन टक्के दराने वार्षिक खर्च काढला की तो सुमारे ८२ हजार येतो. वर्षाचे तीनशे दिवस रोज तीन पाळ्या चालल्या, तर दर सत्रामागे यंत्राचे साधारण ९१ रुपये पडतात. एकच पाळी चालली, तर २७० रुपयांहून अधिक. म्हणजे यंत्र किती रुपयांना घेतले यापेक्षा ते किती वेळ रिकामे राहते, याने दर अधिक हलतो. मग परिचारिकेचा वेळ आहे, पाणी शुद्ध करणारा आरओ प्लांट आहे, वीज आहे, डायलायझर (रक्त गाळणारी नळी) पुन्हा वापरला की नवा काढला हा प्रश्न आहे. स्टोअरचे रजिस्टर आणि प्रत्यक्ष वापर यांचा मेळ क्वचितच बसतो. हे सगळे हाताने मोजल्याशिवाय मॉडेल, म्हणजे खर्च आणि परिणामांचे गणिती चित्र, बनवायला बसू नकोस. पंतप्रधान जन आरोग्य योजनेच्या पॅकेजचे दर सुधारताना देशभरातील रुग्णालयांत केलेल्या अशाच खर्चमापनाचा आधार घेतला गेला, हे लक्षात ठेव.

एवढे मोजूनही हिशेब अर्धाच राहतो. आठवड्यातून दोन-तीनदा गावातून एसटीने येणारा रुग्ण, त्याच्यासोबत येणारा आणि त्या दिवसाची मजुरी बुडवणारा मुलगा, दोघांचे दुपारचे जेवण, यांतले काहीही रुग्णालयाच्या कागदावर येत नाही. खर्च कोणाच्या बाजूने मोजायचा हे अभ्यासाच्या पहिल्या पानावर लिहावे लागते आणि तिथेच बहुतेक निष्कर्ष ठरून जातात. २०१६मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाल्यानंतर गरीब रुग्णांना उपचार मोफत मिळू लागले. तरीही काही रुग्ण मध्येच का येईनासे होतात, याचे उत्तर या न मोजलेल्या रकमेत शोधायला हवे, असे माझे मत आहे.

याच कारणाने कुठे शिकावे, या तुझ्या प्रश्नाचे उत्तर सरळ देता येत नाही. ब्रिटनच्या यॉर्क विद्यापीठात हा विषय १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून शिकवला जातो. अर्थशास्त्रज्ञ ॲलन विल्यम्स तिथलेच. बायपास शस्त्रक्रियेवरील त्यांच्या १९८५च्या लेखात, निरोगी आयुष्याचे एक वर्ष मिळवायला पेसमेकर किंवा खुब्याच्या सांध्याची शस्त्रक्रिया स्वस्त पडते आणि रुग्णालयातील डायलिसिस कित्येक पटींनी महाग, अशी तुलना मांडली होती. डॉक्टर म्हणून ती वाचताना तुला राग येईल. यावा, पण त्याच पैशात दुसऱ्या कोणाचे काय झाले असते, हा प्रश्न टाळून तो राग व्यक्त करता येणार नाही. तिथले शिक्षण काटेकोर आहे, अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे. मात्र तिथल्या उदाहरणांत पैसे देणारी एकच सरकारी आरोग्यसेवा असते आणि हिशेब प्रामुख्याने तिच्या बाजूने मांडला जातो. आपल्याकडे राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२मध्येही एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के लोकांच्या खिशातून गेला. २०१३-१४मध्ये तो ६४.२ टक्के होता. ती चौकट जशीच्या तशी उचलून आणलीस, तर एसटीने येणारा तो रुग्ण पुन्हा हिशेबाबाहेर राहील.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासाला आरोग्य धोरण आणि वित्त यांची जोड मिळते. तिथे इथले सर्वेक्षण, इथल्या योजना हाताळायला मिळतात, मात्र मॉडेलिंगचा सराव तुला बराचसा स्वतःच्या बळावर वाढवावा लागेल. माझा कल विचारशील, तर आधी इथे एखाद्या खर्चमापनाच्या प्रकल्पावर वर्ष-दोन वर्षे काम कर आणि मग परदेशी जा. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, त्यामुळे तो काळ वायाही जाणार नाही. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१७मध्ये आरोग्य तंत्रज्ञान मूल्यांकनाची, म्हणजे एखादे औषध, उपकरण किंवा उपचार खर्चाच्या मानाने परवडतो का हे तपासण्याची, यंत्रणा उभी केली, तिची संसाधन केंद्रे अनेक संस्थांत आहेत. तिथल्या जागांच्या जाहिरातींवर लक्ष ठेव. पगार एम.डी. झालेल्या मित्रांच्या जवळपासही नसेल, हे घरी आत्ताच सांगून ठेवलेले बरे.

राहिला प्रवेश अर्जासोबतचा निवेदनाचा मसुदा. ‘समाजाची सेवा करण्याची तळमळ’ हा परिच्छेद काढून टाक. त्याऐवजी तुझ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एका प्रसूतीचा किंवा एका लसीकरण सत्राचा खर्च काढ: कोणाचा किती वेळ गेला, काय साहित्य वापरले, बाई घरून कशी आली, तिच्या घरच्यांचे किती पैसे गेले. कोणते आकडे मिळाले नाहीत आणि का मिळाले नाहीत, तेही लिही. रुग्णांची नावे अर्थातच नकोत, आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी लेखी घे. ते दोन पानी टिपण महिनाअखेरीपर्यंत पाठव. शिफारसपत्र मी ते वाचल्यावर लिहीन.

तुझी,
मॅडम