रक्तातली साखर वाढली हे स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीला कळतं कसं?

पेशीपटलातली पोटॅशियमची एक वाहिनी, म्हणजे ये-जा करायचं दार, बंद होते, मुख्यतः त्यावरूनच कळतं. साखर कमी असताना ही ‘केएटीपी’ वाहिनी उघडी असते, पोटॅशियम बाहेर झिरपत राहतं आणि पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने साधारण ७० मिलिव्होल्टने ऋण राहते. ग्लुकोज आत येऊन जळलं की एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, वाढतं, आणि तेच या वाहिनीला चिकटून तिला बंद करतं. मग ऋणभार उतरतो आणि कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात. कॅल्शियम बाहेर आतल्यापेक्षा हजारो पटींनी जास्त असतं, त्यामुळे ते वेगाने आत घुसतं आणि इन्सुलिनने भरलेल्या पुटिका (इवल्या पिशव्या) पेशीपटलाला जुळून रिकाम्या होतात.

१९८४ साली ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रान्सिस अ‍ॅशक्रॉफ्ट आणि सहकाऱ्यांनी काचेच्या अतिबारीक नळीचं टोक पेशीला लावून एकेका वाहिनीतला प्रवाह मोजला. ग्लुकोज देताच वाहिन्या मिटताना दिसल्या. मला त्याहून भक्कम वाटतो तो माणसांतला पुरावा: काही बाळांना जन्मानंतर सहा महिन्यांच्या आतच मधुमेह होतो, कारण जनुकातल्या दोषामुळे त्यांची ही वाहिनी नीट बंदच होत नाही. सल्फोनिलयुरिया या मधुमेहावरच्या औषधाच्या गोळ्या ती बंद करतात. यातल्या बहुतेक मुलांचं इन्सुलिनचं इंजेक्शन त्यामुळे सुटू शकलं.

मात्र हे फक्त सुरुवातीचं बटण आहे. एकदा कॅल्शियम आत आलं की पुढे किती इन्सुलिन सुटेल, हे जीएलपी-१ सारखी आतड्यातली संप्रेरकंही ठरवतात.