'गुण 18 वरून 9 वर आले' हे वाक्य बरोबर आहे का?

प्रश्न : नैराश्यावरच्या एका संशोधनाचा सारांश मराठीत करतेय. 'उपचारानंतर रुग्णांचे गुण 18 वरून 9 वर आले' हे बरोबर वाटतं का? (मानसशास्त्राची विद्यार्थिनी, सांगली)

व्याकरण ठीक आहे, पण 'गुण' नको. आपल्याकडे औषधाचा गुण आला की माणूस बरा होतो. तुमच्या वाक्यात गुण उतरले की बरा! आमची साताऱ्याची मावशी हे वाचून म्हणेल, "मग डॉक्टर बदला की." 'अंक' लिहा, नाहीतर सरळ 'स्कोअर'. लक्षणांना अंक देणाऱ्या रेटिंग स्केलला 'मापनी' पुरे. 'पदनिश्चयन श्रेणी' परीक्षेच्या पेपरापुरती ठेवा.

मला जास्त खटकलं ते वेगळंच. हे 18 कोणत्या मापनीवरचे? पीएचक्यू-9 या नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीची कमाल 27, तिथे 18 म्हणजे बऱ्यापैकी तीव्र नैराश्य. बेकच्या नैराश्याच्या सुधारित प्रश्नावलीत कमाल 63, तिथे तेच 18 सौम्य गटात पडतात. सांगलीच्या यार्डात हळदीचा भाव क्विंटलवर, बेदाण्याचा किलोवर. पण क्विंटलचे किलो निदान करता तरी येतात. इथे मोजायची वस्तूच बदलते. हॅमिल्टनच्या 1960 च्या नैराश्य-मापनीतल्या 17 पैकी तीन बाबी झोप न लागण्याच्या, मिळून 52 पैकी 6 अंक. जास्त झोपणाऱ्याच्या पदरात तिथे शून्य. पीएचक्यू-9 मध्ये झोपेचा एकच प्रश्न, कमी-जास्त दोन्ही त्यातच. म्हणजे गुंगी आणणाऱ्या औषधाने मन होतं तिथेच राहिलं, तरी हॅमिल्टनचा आकडा उतरू शकतो. मानसशास्त्रज्ञ आयको फ्रीड यांनी 2017 मध्ये सात प्रचलित मापन्या शेजारी ठेवल्या, तर 52 वेगवेगळी लक्षणं निघाली. (वरच्या 52 शी संबंध नाही, योगायोग.)

त्यात हॅमिल्टनच्याच 21 आणि 24 बाबींच्याही आवृत्त्या आहेत, आणि कित्येक लेखांत नुसतं 'हॅमिल्टन' लिहून मोकळे होतात.

तुमच्या संशोधकांनी हॅमिल्टन वापरली असेल तर मी असं लिहीन : 'हॅमिल्टन मापनीच्या 17 बाबींच्या आवृत्तीवर रुग्णांचा सरासरी अंक 18 वरून 9 वर आला.' मूळ लेखात आवृत्ती नसेल, तर 'आवृत्ती दिलेली नाही' असं कंसात टाका, अंदाजाने भरू नका. आणि पुढच्या ओळीत 'रुग्ण बरे झाले' लिहिणार असाल तर थांबा : 17 बाबींच्या आवृत्तीवर तसं म्हणायला सहसा 7 किंवा त्याहून कमी अंक लागतो.