‘ईएफ ६० टक्के’ म्हणजे हृदय ४० टक्के निकामी का?

प्रश्न : माझ्या आईचे वय ६८ असून तिला गेली १२ वर्षे रक्तदाबाचा त्रास आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी फिटनेससाठी तिची टूडी इको तपासणी केली. अहवालात ‘एलव्हीईएफ ६० टक्के, ग्रेड १ डायस्टॉलिक डिस्फंक्शन, ट्रिव्हियल एमआर, नो आरडब्ल्यूएमए’ असे लिहिले आहे. आपले हृदय ६० टक्केच चालते, असे समजून तिने जिना चढणे सोडले आहे. या शब्दांचा अर्थ कृपया सांगावा.
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या आईंचा गैरसमज स्वाभाविक आहे, कारण टक्के म्हटले की आपल्याला परीक्षेतले गुण आठवतात. एलव्ही म्हणजे हृदयाचा डावा खालचा कप्पा. शालेय पुस्तकांत वरच्या कप्प्याला अलिंद आणि खालच्याला निलय म्हणतात. संस्कृतात अलिंद म्हणजे घरापुढची ओसरी आणि निलय म्हणजे घर. रक्त आधी ओसरीवर येते, मग घरात शिरते. इतके चपखल प्रतिशब्द वैद्यकात क्वचितच सापडतात.

आता हे निलय पूर्ण भरले असताना त्यात १०० मिलिलिटर रक्त आहे असे धरू. एका ठोक्याला त्यातले ६० मिलिलिटर महाधमनीत ढकलले गेले, तर ईएफ (इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे एका ठोक्याला बाहेर ढकललेल्या रक्ताचे प्रमाण) ६० टक्के झाला. उरलेले ४० मिलिलिटर आतच राहते, आणि ते तसे राहणेच अपेक्षित असते. निरोगी हृदयसुद्धा हा कप्पा कधी पुरता रिकामा करत नाही. अमेरिकन व युरोपीय तज्ज्ञ संघटनांच्या २०१५ च्या निकषांनुसार स्त्रियांमध्ये ५४ ते ७४ आणि पुरुषांमध्ये ५२ ते ७२ टक्के हे प्रमाण सामान्य मानले जाते.

‘डायस्टॉलिक डिस्फंक्शन’ हा शब्द वाटतो तेवढा भयंकर नाही, आणि त्याचे ‘हृदयाचा बिघाड’ असे भाषांतर तर मुळीच करू नये. ठोक्यानंतर निलय सैल पडून रक्त भरून घेते, तो टप्पा म्हणजे डायस्टोल. वयोमानाने आणि बरीच वर्षे असलेल्या रक्तदाबाने तेथील स्नायू थोडा ताठर होतो व सैल व्हायला वेळ लावतो, त्यामुळे सुरुवातीला आपसूक येणारे रक्त कमी भरते आणि राहिलेली भर अलिंदाला शेवटी आकुंचन पावून घालावी लागते. डॉपलरच्या (इकोमध्येच रक्तप्रवाहाचा वेग मोजणाऱ्या तंत्राच्या) आलेखावर या दोन टप्प्यांच्या ‘ई’ आणि ‘ए’ अशा दोन लाटा उमटतात. तरुणपणी ‘ई’ उंच असते, तर ग्रेड १ मध्ये बहुधा ‘ए’ तिच्यावर मात करते. साठीनंतर ही नोंद सर्रास आढळते आणि तिच्यावरचा मुख्य उपाय रक्तदाब आटोक्यात ठेवणे हाच आहे.

एमआर म्हणजे डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेतून रक्ताची उलटी गळती. (बिशपच्या दोन पाकळ्यांच्या उंच टोपीवरून या झडपेला हे नाव पडले.) ‘ट्रिव्हियल’ ही त्या गळतीची सर्वांत खालची पायरी असून ती अनेक निरोगी माणसांतही दिसते. आरडब्ल्यूएमए म्हणजे हृदयाच्या भिंतीचा एखादा भाग इतर भागांपेक्षा कमी हलणे. हृदयविकाराच्या झटक्याने स्नायू दुखावला गेल्यास असे घडू शकते. येथे आधी ‘नो’ आहे, ही चांगली गोष्ट आहे.

मात्र ईएफ सामान्य असूनही हृदय कमकुवत पडल्याची लक्षणे असू शकतात, विशेषतः जुना रक्तदाब असलेल्या वयस्कर स्त्रियांमध्ये. तेव्हा जिना चढताना आईंना पूर्वीपेक्षा अधिक धाप लागत असेल, पायांवर सूज येत असेल किंवा रात्री उशी उंच करून झोपावे लागत असेल, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. यांपैकी काही नसेल, तर केवळ या आकड्यासाठी जिना टाळण्याचे कारण नाही. हा अहवाल फाइलमध्ये जपून ठेवावा. पुढच्या वेळी आकडा ५७ आला म्हणून घाबरू नये, कारण तपासणारी व्यक्ती बदलली तरी चार-पाच अंकांचा फरक पडतो.