माल्थसने डार्विनला नेमकं काय दिलं?

या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. डार्विनने नैसर्गिक निवडीची कल्पना (परिस्थितीत टिकतात त्यांचाच वंश पुढे चालतो आणि त्यातून जीव बदलत जातात, ही) इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ माल्थसच्या लोकसंख्येवरच्या निबंधातून उचलली का? माल्थसचं भाकीत माणसांच्या बाबतीत फसलं असेल, तर उत्क्रांतीचा पाया खचतो का? आणि डार्विन कुटुंबनियोजनाचा पुरस्कर्ता होता असा जो मजकूर सध्या फिरतोय, त्यात तथ्य किती? पहिल्याचं उत्तर लांबलचक आहे, दुसऱ्याचं 'नाही' असं आहे आणि तिसऱ्याकडे शेवटी येतो.

आधी माल्थसचं म्हणणं काय होतं ते नीट बघू, कारण बहुतेक चर्चांमध्ये 'लोकसंख्या भूमिती श्रेढीने (दुपटी-दुपटीने) वाढते आणि अन्न अंकगणिती श्रेढीने (ठरावीक भर पडत)' एवढ्या एका वाक्यावर त्याला गुंडाळलं जातं. त्याचा निबंध १७९८ साली निनावी छापला गेला. त्या वेळी इंग्लंडात पहिली जनगणनासुद्धा झालेली नव्हती. ती १८०१ ची. निबंधाचा रोख होता इंग्लिश विचारवंत गॉडविन आणि फ्रेंच विचारवंत कोंदोर्से यांच्यावर. माणूस आणि समाज सुधारत सुधारत जवळपास परिपूर्ण होऊ शकतो, असं ते दोघे मांडत होते. माल्थसचं उत्तर असं की मोकळी जमीन भरपूर असली, की लोकसंख्या सुमारे पंचवीस वर्षांत दुप्पट होते (अमेरिकेतल्या वसाहतींचा अनुभव त्याच्यासमोर होता), पण अन्न त्या वेगाने वाढू शकत नाही. मग उपासमार, रोगराई, दारिद्र्य यांचा लगाम बसतोच. तेव्हा परिपूर्ण समाजाची स्वप्नं पाहू नका. पुढच्या आवृत्त्यांमध्ये त्याने 'उशिरा लग्न करून संयम पाळा' हा एक सुसह्य मार्ग जोडला. डार्विनने वाचली ती १८२६ ची सहावी आवृत्ती.

आता डार्विनकडे. १८३६ मध्ये बीगल जहाजावरून तो परतला आणि जुलै १८३७ मध्ये सजीवांच्या जाती बदलतात का या विषयावर त्याने पहिली वही उघडली. म्हणजे माल्थस हातात येण्याआधी जाती बदलतात हे त्याने मनोमन स्वीकारलं होतं. निसर्गात सतत झगडा चालतो हेही त्याला नवं नव्हतं. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल याने निसर्गातल्या युद्धाचं जोरकस वर्णन केलं होतं आणि भूशास्त्रज्ञ लायेलच्या ग्रंथात जाती एकमेकींना हुसकावून लावतात हे सविस्तर आलं होतं. डार्विनने ते पारायण केल्यासारखं वाचलं होतं. त्यामुळे 'झगड्याची कल्पना माल्थसकडून आली' हे विधान मला पटत नाही.

मग माल्थसकडून आलं काय? दाबाचं मोजमाप. २८ सप्टेंबर १८३८ च्या नोंदीत डार्विन लिहितो की द कांदोलच्या जोरकस भाषेतूनही जातींमधल्या या युद्धाची तीव्रता कळत नाही, ती कळते माल्थसवरून. आणि मग ती प्रसिद्ध पाचरीची प्रतिमा येते: जणू एक लाख पाचरी निसर्गाच्या व्यवस्थेतल्या फटींमध्ये ठोकल्या जात आहेत, दुबळ्यांना बाहेर ढकलून नव्या फटी पाडत आहेत. झगडा अधूनमधून होतो, दुष्काळ पडला किंवा नवा शत्रू आला की होतो, ही समजूत इथे संपते. प्रत्येक पिढीत, प्रत्येक प्रकारच्या जिवात, दाब कायम असतो, कारण जन्माला येणारे नेहमीच जागेपेक्षा जास्त असतात.

आत्मचरित्रात डार्विन सांगतो की हे पुस्तक त्याने सहज, करमणूक म्हणून वाचलं आणि तिथल्या तिथे आपल्याला काम करायला एक सिद्धान्त सापडला. आत्मचरित्र १८७६ चं आहे, म्हणजे तब्बल अडतीस वर्षांनंतरचं. वह्या पाहिल्या तर प्रकरण इतकं झटपट दिसत नाही. सप्टेंबरच्या त्या नोंदीतली भाषा अजून जाती विरुद्ध जाती अशी आहे. एकाच जातीतली माणसं, मेंढरं, कबुतरं एकमेकांपासून थोडी थोडी वेगळी असतात आणि त्यांच्यातल्याच काहींचा वंश पुढे चालतो, हा व्यक्तीपातळीवरचा विचार पुढच्या काही महिन्यांत पक्का होत जातो. पशुपैदास करणारे जसे निवडून वंश वाढवतात, तसंच निसर्ग करतो, फक्त फार सावकाश आणि फार काटेकोरपणे, ही तुलना त्याच वर्षाच्या अखेरीच्या नोंदींमध्ये येते. 'एका संध्याकाळी माल्थस वाचला आणि डोक्यात दिवा पेटला' ही गोष्ट शाळेत सांगायला बरी आहे, एवढंच.

आणि 'सहज करमणूक म्हणून' हेही थोडं जपूनच घ्यावं. १८३४ चा गरिबांसंबंधीचा नवा कायदा माल्थसच्या विचारांच्या छायेत झाला होता आणि त्यावर लंडनभर वाद चालू होता. माल्थसचे विचार सोप्या गोष्टींतून लोकांपर्यंत नेणारी लेखिका हॅरिएट मार्टिनो डार्विनच्या थोरल्या भावाची जवळची मैत्रीण होती. त्या घरात जेवायला जाणाऱ्याला माल्थस टाळणं अवघडच होतं.

मला सगळ्यात गंमत वाटते ती एका वेगळ्या गोष्टीची आणि ती फारशी कुणी सांगत नाही. माल्थसच्या १७९८ च्या निबंधातच पशुपैदाशीचं उदाहरण आहे, पण नेमक्या उलट कामासाठी! कोंदोर्से म्हणत होता की माणसात सुधारणेला मर्यादा दिसत नाही. त्यावर माल्थस लेस्टरशायरच्या नामांकित मेंढ्या पुढे करतो. पैदास करणाऱ्यांना लहान डोकं आणि लहान पाय हवेत, म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या तशीच मेंढरं निवडतात. पण म्हणून डोकं आणि पाय नाहीसे होतील का? कधीच नाही. तसंच बागेतलं कार्नेशनचं फूल कितीही जोपासलं, तरी ते कोबीच्या गड्ड्याएवढं होणार नाही. म्हणजे बदल होतो, पण त्याला कुठेतरी हद्द असते. निवड, वारसा, फरक ही सगळी सामग्री माल्थसच्या टेबलावर पडली होती आणि तिच्यातून त्याने निष्कर्ष काढला स्थैर्याचा. लोकसंख्येचा दाब त्याच्या लेखी सगळं जिथल्या तिथे दाबून ठेवणारी शक्ती होती. डार्विनने तोच दाब घेतला, त्याच्यापुढे फरक असलेले जीव ठेवले आणि लाखो वर्षांचा काळ दिला. त्यातून निघाला कायमचा बदल. याला 'उचलणं' म्हणायचं असेल तर म्हणा बापडे, पण ज्याच्याकडून उचललं तो हे ओळखला नसता. तो १८३४ मध्येच वारला होता, त्यामुळे त्याला विचारण्याचा प्रश्नच आला नाही.

माल्थसचा वाटा खरा होता याचा सगळ्यात भक्कम पुरावा मात्र डार्विनच्या वह्यांत मिळत नाही, तो आल्फ्रेड रसेल वॉलेस या इंग्लिश निसर्गअभ्यासकाकडे मिळतो. वॉलेसने माल्थस वाचला होता १८४४ च्या सुमारास, लेस्टरमध्ये शिक्षक असताना, तिथल्या ग्रंथालयात. (योगायोगाने गाव मेंढ्यांच्या प्रदेशातलंच.) पुढे फेब्रुवारी १८५८ मध्ये, आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवर थंडीतापाने अंथरुणावर पडलेला असताना त्याला ते जुनं वाचन आठवलं. एवढे जीव दरवर्षी मरतात, तर कोण मरतं आणि कोण जगतं, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला आणि ताप उतरल्यावर निबंध लिहून डार्विनलाच पाठवला. त्या निबंधात पक्ष्यांचा हिशेब आहे: एका जोडीने आयुष्यात चार वेळा चार-चार पिल्लं वाढवली, तर पंधरा वर्षांत एका जोडीचे जवळजवळ एक कोटी पक्षी होतील. होत नाहीत, म्हणजे दरवर्षी जेवढे जन्मतात जवळपास तेवढेच मरतात. हा हिशेब थेट माल्थसच्या घराण्यातला आहे. १ जुलै १८५८ ला लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गअभ्यासकांच्या संस्थेत दोघांचे लेख एकत्र वाचले गेले. दोन माणसं, एकमेकांपासून हजारो मैल दूर, एकाच पुस्तकावरून एकाच ठिकाणी पोहोचली. याला निव्वळ योगायोग म्हणणं मला तरी जमत नाही. विशेष म्हणजे वॉलेसने पाळीव जनावरांचा दाखला नाकारला होता. डार्विनसाठी तोच मोठा आधार. दोघांत समान धागा उरतो तो लोकसंख्येच्या गणिताचा.

आता दुसरा प्रश्न. डार्विनने स्वतःच १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथाच्या तिसऱ्या प्रकरणात फरक स्पष्ट केलाय: माल्थसचं तत्त्व प्राणी-वनस्पतींना कितीतरी पटीने जास्त लागू पडतं, कारण तिथे शेती करून अन्न वाढवता येत नाही आणि विचार करून लग्नही पुढे ढकलता येत नाही. म्हणजे नांगर, खतं, संकरित वाण यांनी माल्थसला माणसांच्या बाबतीत खोटं पाडलं, तरी मेंढराला आणि तणाला त्याचा काही उपयोग नाही.

त्याच प्रकरणात तो हत्तीचं उदाहरण देतो. सगळ्यात सावकाश वाढणारा प्राणी म्हणून हत्ती. पहिल्या आवृत्तीत त्याने लिहिलं की एका जोडीपासून पाच शतकांत दीड कोटी हत्ती होतील. हे गणित चुकलं होतं. वाचकांनी बोट ठेवल्यावर त्याने ते दुरुस्त केलं आणि सहाव्या आवृत्तीत ७४० ते ७५० वर्षांत सुमारे एक कोटी नव्वद लाख असं दिलं. सिद्धान्ताला धक्का लागला नाही, कारण मुद्दा आकड्याचा नव्हताच. सावकाश वाढणाराही शेवटी जमीन व्यापून टाकतो, हा होता. मला मात्र त्याचं बागेतलं काम जास्त आवडतं. तीन फूट बाय दोन फूट जमीन खणून साफ केली आणि उगवलेलं प्रत्येक तण मोजलं: ३५७ उगवली, त्यातली २९५ गोगलगायी आणि किड्यांनी संपवली. निसर्गातला लगाम कसा असतो ते यात डोळ्यांनी दिसतं.

लगाम सुटला की काय होतं याचा दाखला देताना डार्विनने भारताचं नाव घेतलंय. अमेरिकेतून आलेल्या काही वनस्पती आता कन्याकुमारीपासून हिमालयापर्यंत पसरल्या आहेत, असं त्याला फाल्कनर या वनस्पतिशास्त्रज्ञाकडून कळलं होतं. आपल्याला लांब जायला नको. गाजरगवतही अमेरिकेकडचंच; भारतात त्याची नोंद पहिल्यांदा पुण्यात झाली ती १९५० च्या दशकात. आज रस्त्याच्या कडेला उभं राहून बघा.

यात एक दुरुस्ती मात्र विसाव्या शतकाने केली. नैसर्गिक निवड चालायला अन्नाची टंचाई असलीच पाहिजे असं नाही. आनुवंशिक फरक असला आणि त्या फरकामुळे कुणाची संतती जास्त, कुणाची कमी टिकली, की निवड होते. भरल्या ताटावरही होते. डेव्हिड लॅक या पक्षिशास्त्रज्ञाने तर दाखवून दिलं की जास्तीत जास्त अंडी घालणं हा नेहमी फायद्याचा सौदा नसतो. जेवढी पिल्लं पोसता येतील तेवढीच अंडी घालणारी जोडी पुढे जाते. म्हणजे माल्थस ही डार्विनची शिडी होती. वर चढल्यावर ती काढून घेतली तरी माडी खाली येत नाही.

'हा सगळा इंग्लंडातल्या भांडवलशाहीचाच निसर्गावर चढवलेला मुखवटा' असाही एक आक्षेप घेतला जातो. ही टीका मार्क्सची आहे, १८६२ मध्ये एंगल्सला लिहिलेल्या पत्रातली, आणि तिच्यात तथ्याचा अंश आहे. सायबेरियाच्या ओसाड प्रदेशात फिरलेल्या क्रोपोट्किन या रशियन विचारवंताला गर्दी आणि चढाओढ दिसलीच नाही, थंडीशी मिळून झुंजणारे कळप दिसले. जिथे राहाल तसं दिसतं. पण कल्पना कुठून आली यावरून ती खरी की खोटी ठरत नाही. ३५७ तणांपैकी २९५ मेली ती कुठल्याही अर्थव्यवस्थेत मेली असती. माझा आक्षेप उलट दिशेच्या वाहतुकीला आहे, म्हणजे निसर्गाचा नियम माणसांच्या राज्यकारभाराला लावण्याला. माल्थस १८०५ पासून मरेपर्यंत हेलिबरीच्या कॉलेजात ईस्ट इंडिया कंपनीच्या होतकरू अधिकाऱ्यांना अर्थशास्त्र शिकवत होता, म्हणजे आपल्याकडे कलेक्टर होऊन येणाऱ्यांना. आणि १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनची गावं ओस पडत असताना व्हाइसरॉय लिटन हेच सांगत होता की इथली लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते. गोगलगायींना जबाबदार धरता येत नाही, सरकारला येतं.

तिसरा प्रश्न. १८७७ मध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ आणि ॲनी बेझंट (होय, त्याच, पुढे भारतात आलेल्या) यांच्यावर लंडनमध्ये संततिनियमनाची पुस्तिका छापल्याबद्दल अश्लीलतेचा खटला भरला गेला. ब्रॅडलॉने साक्षीसाठी डार्विनला बोलावलं. डार्विनने प्रकृतीचं कारण दिलंच, पण सोबत हेही कळवलं की मला यावं लागलं तर माझी साक्ष तुमच्या विरुद्ध जाईल. अशा साधनांनी अविवाहित स्त्रियांचं शील आणि त्यावर उभं कुटुंब धोक्यात येईल, असं त्याचं मत होतं. त्याआधी १८७१ च्या मानवाच्या उत्पत्तीवरच्या ग्रंथातही त्याने लिहिलं होतं की लोकसंख्यावाढीतून अनेक दुःखं येत असली, तरी ती फार कमी करू नये, कारण माणूस पुढे आला तो त्या झगड्यातूनच. मला हे त्याचं सर्वांत कच्चं लिखाण वाटतं, पण ते त्याचंच आहे. तेव्हा तो फिरणारा मजकूर निखालस चुकीचा आहे. ब्रॅडलॉ आणि बेझंट दोषी ठरले, पुढे अपिलात तांत्रिक मुद्द्यावर सुटले, आणि दहा मुलांचा बाप असलेला डार्विन त्या प्रकरणात पुन्हा पडला नाही.