पहिली धावण्याची शर्यत भरवताय? आधी मार्ग मोजा

टी-शर्ट, पदकं, बॅनर हे सगळं नंतर. आधी मार्ग. घड्याळातल्या जीपीएसवर विसंबून १० किलोमीटर आखू नकोस. झाडं, उंच इमारती आणि वळणं त्याला हमखास चकवतात. आधी टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर सायकलच्या चाकाचे फेरे मोजून घ्यायचे आणि मग त्याच सायकलने मार्ग मोजायचा, ही जुनी पद्धत आजही सर्वात भरवशाची. वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटरवरून सायकल ने, कारण धावणारा आतूनच कापणार! शिवाय दर किलोमीटरला १ मीटर जादा धर, म्हणजे १० किलोमीटरसाठी १०,०१० मीटर. मार्ग कमी भरला तर सगळ्यांच्या वेळा फुकट जातात, आणि ते बोलणं वर्षभर ऐकावं लागतं. मी ऐकलंय.

पोलीस आणि रस्त्याच्या परवानग्यांचं काम लवकर सुरू कर, बस.

स्वयंसेवक मात्र हवेत त्यापेक्षा चार जास्त घे. सकाळी दोघं उठतच नाहीत. प्रत्येक वळणावर माणूस हवाच; नुसता बाण पुरत नाही, पुढचा चुकला की मागची रांग त्याच्यामागे जाते. सर्वात शेवटी सायकलवर एकजण ठेव, तो आला की मगच वळणावरची माणसं हलतील.

शेवटच्या रेषेवर वेळ आपोआप नोंदवणारी चिप असली तरी एकाला कागद-पेन्सिल घेऊन बसव, येईल त्या क्रमाने बिब नंबर (धावणाऱ्याच्या छातीवरचा क्रमांक) लिहायला. पेन नको, पावसात शाई पसरते.